काम अंगावर घेण्याआधी: नव्या कंत्राटदारासाठी दर ठरवण्याची रीत

रंगकाम, नळकाम, वायरिंग, लादी बसवणं, एसी दुरुस्ती, इमारतींची साफसफाई. धंदा यातला कुठलाही असो, नवा माणूस दर ठरवतो तो बहुतेक एकाच पद्धतीने. आधीपासून काम करणाऱ्या कुणाला तरी विचारायचं, ‘तू काय घेतोस?’, आणि त्यातून थोडं कमी करून आपला आकडा सांगायचा. कामं मिळतात, दिवस भरून जातो, आणि वर्षअखेर हिशोबाला बसलं की हातात फक्त सामानाच्या पावत्या असतात.

फसगत अशी होते की ज्याला विचारलं त्याच्या गाडीचे हप्ते कदाचित फिटलेले असतात. त्याची हत्यारं जुनी पण पुरेशी असतात, गिऱ्हाईक एकाच भागातलं असतं, मुलगा हाताखाली असतो. त्याचा दर त्याच्या खर्चावर उभा असतो, तुमचा खर्च निराळा. आणि तो स्वतःच बुडत चाललेला नाही, याची तरी खात्री काय?

माझ्या मते रास्त दराच्या दोन अटी आहेत. तो कसा आला हे गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडायला संकोच वाटू नये, आणि तो घेऊन तुम्ही धंद्यात टिकावं. दोन्ही अटी पुऱ्या करायच्या तर आकडा बाजारातून उचलून चालत नाही, आपल्या वहीतून काढावा लागतो. खालचे आकडे मुद्दाम कुठल्याही चलनाशिवाय दिले आहेत. त्यांच्या जागी तुमचे घाला.

आधी तुमचा एक तास कितीला पडतो ते काढा

सगळ्या दरांचं मूळ इथे आहे, म्हणून इथे घाई नको. एक संध्याकाळ त्यासाठी काढून ठेवा.

पहिल्यांदा वर्षाचे तास मोजा. ३६५ दिवसांतून आठवड्याच्या सुट्ट्यांचे ५२ गेले, ३१३ उरले. सण, आजारपण, घरचं कार्य, पाऊसपाणी, गाडी बंद पडणं असे ३३ खाडे धरा. राहिले २८० दिवस. दिवसाला ८ तासांप्रमाणे २,२४० तास झाले.

पण या सगळ्या तासांचे पैसे कुणी देत नाही. साइटवर जाणं-येणं, पाहणी, मोजमाप, कोटेशन लिहिणं, दुकानातून सामान उचलणं, फोन, बिलं, थकलेल्या पैशांसाठी मारलेल्या चकरा, केलेल्या कामाची फुकट दुरुस्ती, हे सगळं याच २,२४० मधून जातं. तीन ठिकाणी पाहणी करून एकच काम मिळत असेल आणि एका पाहणीला दोन तास लागत असतील, तर त्या एका कामामागे सहा तास आधीच गेलेले असतात. एकट्याने धंदा करणाऱ्याचे ४० टक्के तास अशा कामांत जाणं मला अजिबात विशेष वाटत नाही. तेवढे वजा केले की उरतात १,३४४ तास. बिल लावता येतं ते एवढ्याच तासांचं.

आता खर्च. पहिला तुमचा स्वतःचा पगार. ‘उरेल ते माझं’ असं म्हणू नका. हेच काम करायला तुमच्याइतकाच तयार माणूस ठेवला असता तर त्याला वर्षाला किती द्यावे लागले असते? तो आकडा लिहा. समजा ६०,०००.

मग वरकड खर्च, म्हणजे काम असो वा नसो, होतच राहतो तो. एका माणसाच्या धंद्याचा असा काही दिसेल: गाडी, इंधन आणि गाडीची दुरुस्ती ८,०००, हत्यारांचा घसारा ४,२००, सामान ठेवायच्या खोलीचं भाडं ३,०००, विमा, परवाना, नोंदणी २,४४०, फोन, कागद, हिशोबनीस २,०००, बुडीत पैसे आणि फुकट दुरुस्त्या १,०००. बेरीज २०,६४०.

घशाऱ्यावर नवे लोक हटकून अडखळतात. मशीन एकदा घेतलं, पैसे दिले, विषय संपला, असं वाटतं. तसं नाही. ९,००० चं मशीन तीन वर्षं चालणार असेल तर दर वर्षी त्यातले ३,००० झिजतात, आणि ते कामातूनच परत यायला हवेत. नाहीतर चौथ्या वर्षी नवं मशीन घ्यायला कर्ज काढावं लागतं.

६०,००० आणि २०,६४० मिळून ८०,६४०. भागिले १,३४४ तास. तासाला ६०.

आता गंमत बघा. घाईघाईत हिशोब करणारा ६०,००० ला २,२४० ने भागतो आणि म्हणतो, माझा तास २७ ला पडतो. ३५ सांगितले तरी त्याला वाटतं आपण चांगला नफा घेतोय. प्रत्यक्षात प्रत्येक तासाला २५ त्याच्याच खिशातून जात असतात.

हाताखाली माणूस असेल तर त्याचाही असाच हिशोब वेगळा करा. तासाला २० प्रमाणे तुम्ही त्याला आठ तासांचे १६० देता, पण साइटवर त्याचे हात चालतात सहा तास. म्हणजे कामाचा तास २० ला नाही, जवळपास २७ ला पडला. त्यात पगारी सुट्ट्या, विमा आणि मंदीतही द्यावी लागणारी हजेरी मिळवायची आहेच.

नफा वर लावायचा की आतून काढायचा

६० ही पडलेली किंमत झाली, दर नव्हे. पगार तुमच्या हातांचा असतो. नफा त्याच्यावर हवा. तो धोक्याचा मोबदला आहे आणि उद्याच्या मशीनचं, उद्याच्या माणसाचं भांडवलही तोच.

इथे एक नेहमीचा घोळ होतो. ‘मला २० टक्के सुटले पाहिजेत’ म्हणत माणूस ६० वर २० टक्के चढवतो आणि ७२ सांगतो. पण ७२ मधले १२ म्हणजे विक्रीच्या साडेसोळा टक्क्यांच्या आसपास, २० नव्हे. विक्रीतले २० टक्के उरायला हवे असतील तर ६० ला ०.८० ने भागायचं. उत्तर ७५. खर्चावर चढवलेले २५ टक्के म्हणजे विक्रीतले २० टक्के. ५० टक्के चढवले तर ३३ उरतात, आणि दुप्पट दर लावला तर ५०. खर्चावर चढवतो त्याला मार्कअप म्हणतात, विक्रीतून उरतं त्याला मार्जिन. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका, कारण सूट देताना हीच चूक महागात पडते.

आपला दर ठरला तासाला ७५. विक्रीवरचा कर लागू असेल तर तो यात धरायचा नाही, बिलात वेगळ्या ओळीत दाखवायचा. ते पैसे आपले नसतात.

पाहणी: फोनवर आकडा देऊ नका

‘एक खोली रंगवायची आहे, किती घ्याल?’ यावर फोनवर सांगितलेला आकडा नंतर दोघांनाही टोचतो. फार तर ‘साधारण इतक्यापासून इतक्यापर्यंत, बघितल्यावर नक्की सांगतो’ एवढं म्हणा. लांबच्या कामाला पाहणीचे पैसे घ्यायला हरकत नाही. काम मिळालं तर ते बिलातून वजा करतो, असं आधीच सांगितलं की कुणी वाईट वाटून घेत नाही. उलट नुसते भाव काढत फिरणारे आपोआप गळतात.

पाहणीत काय बघायचं, ते रंगकामाच्या एका खोलीवरून बघू. खोली ४ मीटर बाय ३ मीटर, उंची ३ मीटर. भिंतींची परिमिती १४ मीटर, म्हणजे भिंती ४२ चौरस मीटर. छत १२. एकूण ५४ चौरस मीटर. दार-खिडकीची वजाबाकी मी अशा लहान खोलीत करत नाही. तिथे रंग वाचतो पण चौकटीच्या कडा सांभाळून ब्रश चालवण्यात वाचलेला वेळ परत जातो.

मोजमाप झालं की भिंतीला हात लावा. जुना रंग भुकटीसारखा हाताला येतो का? फुगे आहेत का? खालच्या फूटभरात ओल आहे का? पलंग-कपाट हलवता येतं की जागेवरच झाकावं लागेल? वीज-पाणी मिळेल ना? सामान वर नेताना लिफ्ट वापरू देतात का, गाडी कुठे लावायची, कामाला कुठल्या वेळेत परवानगी आहे? हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण तास खाणारे हेच असतात.

नंतर कामाचे तुकडे पाडा. सामान हलवणं, झाकणं २ तास. खरवडणं आणि भेगा भरणं ४. लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपरने घासणं ८. प्रायमर ३. दोन हात रंग ७. कडा आणि कोपरे २. झाडपूस आणि टचअप २. एकूण २८ तास.

या यादीत प्रत्यक्ष रंग आणि कडा मिळून ९ तास आहेत, तिसऱ्या हिश्श्याहून कमी. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर मात्र रोलर फिरवणारा माणूसच असतो, म्हणून त्याला वाटतं दीड दिवसाचं तर काम आहे. तुकड्यांची यादी दाखवली की हे न बोलता कळतं. शिवाय लांबी सुकायला वेळ लागतो, प्रायमर सुकायला लागतो. त्या मोकळ्या वेळात तुम्ही दुसऱ्या साइटवर जाणार असाल तर फेऱ्या वाढतात, इथेच थांबणार असाल तर तास वाढतात. दोन्हींपैकी काय होणार, हे दर देण्याआधीच ठरवा.

तास अंदाजाने नाही, तीन आकड्यांनी

आपलं मन नेहमी सगळं सुरळीत होईल असं धरूनच वेळ सांगतं. त्यावर एक जुनी युक्ती आहे. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी पेर्ट नावाची पद्धत बनवली गेली, तिच्यातलं एक सूत्र एका खोलीच्या कामालाही लागू पडतं. प्रत्येक तुकड्यासाठी तीन आकडे लिहा: सगळं जुळून आलं तर, नेहमीप्रमाणे झालं तर, आणि सगळंच बिनसलं तर. मधल्याची चौपट, त्यात बाकीचे दोन मिळवायचे आणि सहाने भागायचं.

एखादी जुनी पाइपलाइन बदलायला ६, ८ आणि १६ तास वाटत असतील तर ६ अधिक ३२ अधिक १६, बरोबर ५४. भागिले ६, म्हणजे ९ तास. तोंडाने आपण ‘आठ तास’ म्हणून मोकळे झालो असतो. हा वरचा एक तास म्हणजे हातचं राखून ठेवणं नव्हे, कधीतरी गंजलेला नट तुटणारच असतो, त्याची ती रास्त वाटणी आहे.

साहित्याचे पैसे

साहित्य गिऱ्हाईक आणणार की तुम्ही, हे पहिल्याच भेटीत ठरवा. तुम्ही आणणार असाल तर खरेदीच्या किमतीवर काही टक्के लावणं योग्यच आहे. दुकानातला वेळ, वाहतूक, तुटफूट, गुंतलेले पैसे, आणि खराब निघालं तर बदलून देण्याची जबाबदारी तुमच्यावर असते. पण लपवून लावू नका. ‘साहित्य हाताळणी १५ टक्के’ अशी ओळ सरळ लिहा. दुकानदाराकडून वाढवून लिहिलेली पावती घेण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. मला ती पटत नाही, आणि गिऱ्हाइकाला एका फोनवर खरी किंमत कळते तेव्हा तुमच्या मजुरीच्या आकड्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

नासधूस आधीच धरा. ५४ चौरस मीटर, दोन हात, म्हणजे १०८. चांगल्या गुळगुळीत भिंतीवर लिटरमागे १० चौरस मीटर धरले तरी जवळपास ११ लिटर रंग लागतो. खरखरीत भिंत याहून जास्त पिते. लादीच्या कामात तुकडे आणि तुटफूट यांसाठी दहा टक्के जादा माल मागवण्याची सर्वसाधारण रीत आहे.

आपल्या खोलीचा हिशोब: मजुरी २८ तास गुणिले ७५, म्हणजे २,१००. साहित्य ६००, हाताळणी ९०. एकूण २,७९०, कर वेगळा.

साहित्य गिऱ्हाइकाने आणलं तर हाताळणी सोडा, पण त्याच्या मालाची हमी घेऊ नका. आणि माल वेळेवर न आल्यामुळे फेरी फुकट गेली तर तिचे पैसे लागतील, हे लिहून ठेवा.

तासावर, मोजमापावर की उक्तं?

हा प्रश्न खरं तर एवढाच आहे: काम अंदाजाबाहेर गेलं तर भुर्दंड कुणी सोसायचा?

जे काम नीट दिसतं, मोजता येतं, अनेकदा केलेलं आहे, ते उक्तं घ्या, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम आधी ठरवून. गिऱ्हाइकाला आकडा आधी कळतो, आणि तुमचा हात जलद असेल तर त्याचा फायदा तुम्हाला मिळतो. तासावर काम करण्यात हाच दोष आहे की कसबी माणूस लवकर उरकतो आणि कमी कमावतो, शिवाय गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत उभं राहतं.

एकसारखं, पसरलेलं काम, लादी, रंग, वायरिंगचे पॉइंट, कुंपण, हे मोजमापावर. मात्र मोजायचं कसं हे आधी ठरवा. दार-खिडकी वजा करायची की नाही, पट्टी रनिंग फुटावर की नगावर, यावर शेवटच्या दिवशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आणि भिंतीच्या आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही, अशी कामं कधीही उक्ती घेऊ नका. गळती शोधणं, जुन्या वायरिंगमधला बिघाड, सुरूच न होणारं मशीन. इथे दोन टप्पे करा. पहिला, उघडून बघण्याचा, ठराविक छोट्या रकमेत. काय आहे ते दिसलं की दुसऱ्याचा दर द्या. तासावरच करायचं असेल तर कमाल मर्यादा सांगा: ‘सहा तासांच्या वर जायची वेळ आली तर थांबून तुम्हाला विचारीन.’ गिऱ्हाइकाला तासाच्या दराची भीती वाटत नाही, त्याला शेवट नसण्याची भीती वाटते.

किमान आकार, म्हणजे कुठल्याही फेरीचे कमीत कमी पैसे, सगळ्यांनीच ठरवून ठेवावा. नळाचा वॉशर बदलायला वीस मिनिटं लागतात, पण दारातून निघून परत येईपर्यंत दीड तास जातो. तासाच्या दराने हिशोब केला तर २५ होतात, त्यात येण्याजाण्याचं इंधनही भागत नाही. ताशी दरात प्रवास सरासरीने धरलेला असतो, आणि ती सरासरी दिवसभराच्या कामाला लागू पडते, वीस मिनिटांच्या नाही. तेव्हा किमान एक-दीड तासाचा आकार, आणि तो फोनवरच सांगायचा. ‘त्याच फेरीत आणखी काही करून घ्यायचं असेल तर बघून ठेवा’ असंही सांगा. बहुतेक घरांत काही ना काही निघतंच.

कोटेशनवर काय लिहायचं

काय करणार, किती मोजमापाचं, कुठल्या दर्जाचं साहित्य, किती दिवसांत, किती पैशांत. हे बहुतेक जण लिहितात. काय करणार *नाही*, ते फार थोडे लिहितात, आणि भांडणं सगळी तिथेच होतात. ‘ओल असलेल्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग यात नाही.’ ‘राडारोडा खाली आणून देऊ, वाहून नेण्याचा खर्च वेगळा.’ ‘फोडलेली भिंत बुजवून देऊ, रंग नाही.’ अशा तीन-चार ओळी पुरतात.

कोटेशनला मुदत घाला, समजा ३० दिवस. साहित्याचे भाव तुमच्या हातात नसतात.

पैशांचे टप्पे दिसणाऱ्या कामाशी बांधा, तारखेशी नको. आपल्या खोलीत सुरुवातीला ३५ टक्के घेतले की साहित्य आणि पहिले काही तास निघतात. प्रायमर संपतो तेव्हा २८ पैकी १७ तास झालेले असतात आणि साहित्य सगळं आलेलं असतं, म्हणजे जवळपास ७० टक्के खर्च झालेला असतो. तिथे दुसरे ३५. पहिला हात झाल्यावर १५, काम बघून समाधान झाल्यावर शेवटचे १५. शेवटचा हप्ता तुमच्या नफ्यापेक्षा मोठा नसावा, हा माझा ठाम नियम आहे. कुणी तो बुडवलाच तर नफा जातो, पदरचे पैसे जात नाहीत. आणि तो अगदीच शून्यही नसावा, कारण टचअपला तुम्ही परत याल यावर गिऱ्हाइकाचा भरवसा त्या हप्त्यामुळेच असतो.

घासाघीस

होणारच. तिच्यावर चिडण्यात हशील नाही. फक्त दर आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

‘दादा, जरा कमी करा की.’

‘ताई, दर हाच राहील. पण छत अजून चांगलं आहे. ते या वेळी सोडू या का? साडेचार तास वाचतील, सुमारे ३४० कमी होतील. शिवाय रंग कमी लागेल.’

काम कमी, पैसे कमी. हे दोघांनाही पटतं. काहीही न वगळता आकडा उतरवला की गिऱ्हाइकाच्या मनात एकच येतं: म्हणजे आधी जास्त सांगितले होते. पुढच्या वेळी ते तिथूनच सुरुवात करतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

सूट देण्याचं गणितही डोक्यात असू द्या. १०० च्या कामात खर्च ८०, नफा २०. दहा टक्के सूट दिली की विक्री ९०, खर्च तोच ८०, नफा १०. सूट दहा टक्क्यांची, पण नफा अर्धा गेला. वर्षभर हीच सूट देत राहिलात तर तेवढाच नफा मिळवायला दुप्पट कामं करावी लागतील. तास मात्र १,३४४ च आहेत.

सूट द्यावीच वाटली तर तिला खरं कारण असू द्या. एकाच इमारतीतली तीन कामं एकदम मिळाली, तुमचा प्रवास वाचला, सूट द्या. सगळे पैसे आगाऊ आले, द्या. मंदीच्या दिवसांत काम करायची त्यांची तयारी आहे, द्या. ‘पुढे खूप कामं देऊ’ यावर नको. ती कामं आली की तेव्हा बघू.

अडलेल्या माणसाकडून किती घ्यावं

रात्री अकरा वाजता पाइप फुटला आहे, घरात पाणी साचतंय. त्या घडीला माणूस म्हणाल ते देईल. म्हणून मागावं का?

डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासासाठी कॅनडातल्या लोकांना फोनवर काही प्रश्न विचारले होते. त्यातला एक असा: एक दुकान बर्फ उपसायची फावडी १५ डॉलरला विकतं, मोठं बर्फवादळ होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच फावडं २० डॉलरला. हे बरोबर का? ८२ टक्के लोकांनी अन्याय्य म्हटलं. पण दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून त्याने किंमत वाढवली, असं असेल तर बहुतेकांना ते मान्य होतं. रास्त काय आणि काय नाही, याचं लोकांच्या मनातलं माप यात दिसतं. खर्च वाढला म्हणून वाढ, चालेल. मी अडलोय म्हणून वाढ, नाही.

तेव्हा रात्रीचा, सुट्टीचा, तातडीचा दर जरूर जास्त ठेवा. झोप जाते, दुसऱ्या दिवसाचं काम बिघडतं, मदतनीस जादा मागतो, हे खरे खर्च आहेत. फक्त तो दर आधी ठरलेला, छापलेला असू द्या, ‘रात्री नऊनंतर दीडपट’ असा, आणि निघण्यापूर्वी फोनवर सांगा. त्या माणसाचा आवाज ऐकून आकडा बनवू नका. हेच मोठं घर, भारी गाडी, परगावचा बोलण्याचा ढंग यांनाही लागू. काम तेच तर दर तोच. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही म्हणून दोन तास जास्त लावा, साहेब श्रीमंत दिसतात म्हणून नको. एकाच इमारतीतल्या दोन घरांत तुमची बिलं एकमेकांशेजारी ठेवून बघितली जातात, हे व्यवहारातही विसरू नका.

मग बाजारभावाचं काय?

तो बघायचा, पण शेवटी, पडताळणीसाठी. तीन-चार जणांचे दर समजले आणि तुमचा ७५ त्यांच्या आसपास असेल तर पुढे जा. तुमचा बराच वर असेल तर दर खाली ओढण्याआधी वही उघडा. बिल न लागणारे तास फार आहेत का? एका टोकाची साइट सकाळी, दुसऱ्या टोकाची दुपारी, असं चाललंय का? भाग लहान केला आणि बिल न लागणारे तास ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले तर १,३४४ तासांचे १,५६८ होतात, आणि पडलेली किंमत ६० वरून साधारण ५१.५ वर येते. पगाराला हात न लावता एवढी घट होते. सगळं तपासूनही दर वरच राहिला तर त्या कामात तुम्ही काय वेगळं देता हे सांगता यायला हवं: हमी, वेळ पाळणं, स्वच्छ साइट. नाहीतर तो प्रकार सोडून ज्यात तुमचा हात जलद आहे त्याच्याकडे वळा.

सगळ्यात कमी कोटेशन टाकून मिळालेल्या कामाबद्दल थोडं सावध राहा. १९७१ मध्ये तेलकंपनीत काम करणाऱ्या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांवर लिहिताना दाखवलं की लिलाव जिंकतो तो बहुधा तेलाचा अंदाज सर्वांत जास्त फुगवून बसलेला असतो, आणि जिंकूनही तोट्यात जातो. आपल्याकडे याचं उलटं रूप दिसतं. पाच जणांनी तेच काम मोजलं आणि तुमचा आकडा इतरांच्या निम्मा आला, तर तुम्ही स्वस्त आहात यापेक्षा काहीतरी मोजायचं राहिलंय ही शक्यता मोठी. होकार आला तरी सही करण्यापूर्वी यादी पुन्हा वाचा.

वाढीव काम

‘आलाच आहात तर एवढं पण करून द्या.’ पाच मिनिटांचं असेल तर हसून करा, माणुसकी म्हणून. त्याहून जास्त असेल तर हातातलं हत्यार खाली ठेवा, आकडा सांगा, फोनवर दोन ओळींचा मेसेज पाठवा आणि ‘हो’ आल्यावरच हात लावा. ‘बाल्कनीची जाळी रंगवणं जादा, ३ तास, २२५ अधिक साहित्य. चालेल ना?’ एवढं पुरतं. काम झाल्यावर सांगितलेला वाढीव आकडा कितीही रास्त असला तरी गिऱ्हाइकाला तो फसवणुकीसारखाच लागतो.

काम संपल्यावर वही

प्रत्येक कामानंतर दोन आकडे शेजारी शेजारी लिहा: धरलेले तास आणि लागलेले तास, तुकड्यांनुसार. २८ धरले आणि ३३ लागले, ठीक आहे, पण ते पाच कुठे गेले? खरवडण्यात गेले असतील तर पुढच्या जुन्या भिंतीला ४ ऐवजी ७ धरा. दहा-बारा कामांत तुमची स्वतःची मापं तयार होतात, आणि मग दुसऱ्याला दर विचारायची गरज राहत नाही. वर्षातून एकदा पगार, वरकड खर्च आणि बिल लागलेले तास घेऊन पहिला भागाकार नव्याने करा.

आकडा वर गेला तर दर वाढवा, पण जुन्या गिऱ्हाइकांना अचानक बिलातून कळू देऊ नका. महिना-दीड महिना आधी साधा मेसेज करा: ‘नमस्कार. इंधन आणि मजुरी वाढल्यामुळे पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून आमचा ताशी दर ७५ ऐवजी ८१ असेल. आधी दिलेली कोटेशनं आणि चालू कामं जुन्याच दराने पूर्ण करू.’ माफी मागायची नाही, लांबलचक कारणंही द्यायची नाहीत. नव्या गिऱ्हाइकांना नवा दर आजपासूनच लावता येतो. देखभालीचे वार्षिक करार असतील तर त्यांची वाढ नूतनीकरणाच्या वेळीच करा, आणि पुढच्या करारात दरवर्षी दराचा फेरविचार होईल असं एक कलम घालून ठेवा.